'ध'चा 'मा', मंथरा आणि एक थप्पड : ललिता पवार यांचं प्रकरण

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू होत्या. नाशिकच्या एका हौशी संस्थेच्या तालमीत, दुसऱ्या अंकात नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो असा प्रसंग होता. दिग्दर्शकाने त्या मुलाला सांगितलं, "अरे, खरी वाटायला पाहिजे. शेवटच्या रांगेत ऐकू गेली पाहिजे." मुलाने हात सोडला आणि तो बसला मुलीच्या कानावर. ती दोन दिवस डाव्या कानाने नीट ऐकू शकत नव्हती. डॉक्टरांनी पडदा शाबूत असल्याचं सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण मला खरा धक्का बसला तो नंतर. ती मुलगी माझ्याकडे अभिनय शिकायला येते. मी विचारलं, तू ओरडली का नाहीस? ती म्हणाली, "ताई, सीन चांगला झाला ना."

त्या आठवड्यात मी शिबिरातला ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि मुलांपुढे एक जुनं प्रकरण मांडलं. ते मुळापासून लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात होतं. प्रकरण ललिता पवारांचं आहे. नाशिक जिल्ह्यातली ही बाई. तरीही माझ्या बारा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना ती फक्त 'खाष्ट सासू' म्हणून माहीत होती आणि तिघांना 'मंथरा' म्हणून.

आधी ती कोण होती ते सांगते, कारण थपडेपासून सुरुवात केली की सगळंच चुकतं.

ललिता पवारांचं माहेरचं नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६ चा, येवल्याचा. वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार होता. येवला म्हणजे पैठणीचं गाव, तेव्हा त्यात नवल नाही. नाशिकहून निफाड, विंचूर करत ऐंशीएक किलोमीटरवर. आई अंबादेवीच्या देवळात गेली असताना कळा सुरू झाल्या, म्हणून मुलीचं नाव अंबा, अशी गोष्ट सांगतात. ती जन्मली त्याच्या तीनच वर्षं आधी, १९१३ साली, त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळत नव्हती आणि शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं होतं. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी बाईने सिनेमात जाणं बदनामीचंच राहिलं. अशा काळात येवल्याच्या सोवळ्या घरातली मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत कामाला लागली. १९२८ साली आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये ती आहे. तेच नाव, तीच कथा, पण आता पडद्यावर मुलगी उभी राहू शकत होती. फाळक्यांच्या तारामतीपासून इथवर पंधरा वर्षं गेली होती.

पुढची चौदा वर्षं लोक विसरले आहेत. मूकपटांत ती नायिका झाली. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाची ती सहनिर्माती होती आणि त्यात तिनेच कामही केलं, म्हणजे सोळाव्या वर्षी. बोलपट आले तेव्हा नट-नट्यांना स्वतः गावं लागे, तेही तिने केलं. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दा'मधलं तिचं गाणं गाजलं होतं. 'दुनिया क्या है' हा बोलपट तिनेच काढला. तिचे पहिले पती गणपतराव पवार याच धंद्यातले, आडनाव त्यांचं. पुढे राजप्रकाश गुप्ता या निर्मात्याशी तिने संसार केला. वैयक्तिक आयुष्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. या प्रकरणाला त्याची गरज नाही.

गरज आहे ती एवढी लक्षात घेण्याची, की १९४२ साली स्टुडिओत उभी होती ती कुणी नवखी पोर नव्हती. सव्विशीतली, चौदा वर्षं काम केलेली, नायिका आणि निर्माती होती ती. तिच्याही गालावर थप्पड तशीच बसली.

चित्रपट 'जंग-ए-आझादी'. समोर मास्टर भगवान. प्रसंगात त्यांनी तिला जोरात थोबाडीत मारायची होती, आणि ती फारच जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारं गेल्यासारखं झालं, अर्धांगाचा झटका चेहऱ्यापुरता. डाव्या डोळ्यातली शीर फुटली. उपचार तीन वर्षं चालले. चेहरा बराचसा सावरला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या आणि चरित्र भूमिका सुरू झाल्या.

प्रकरण एवढ्या पाच-सहा वाक्यांत सगळीकडे सापडतं. मी मुलांना सांगितलं, या वाक्यांवर थांबा आणि एकेकाला चिमटा काढून बघा.

भगवान नवखे होते म्हणून हात जोरात पडला, असं सांगितलं जातं. पण मास्टर भगवान मूकपटांपासून काम करत होते आणि १९३८ साली त्यांनी 'बहादुर किसान'चं दिग्दर्शनही केलं होतं. मग नवखेपणाने काय उलगडतं? माझं मत असं, की त्या माणसाच्या मनात काहीही वाईट नव्हतं आणि तो अडाणीही नव्हता. उणीव होती ती रीतीची. थप्पड कशी मारायची याची रीत तिथे कुणी ठरवलेली नव्हती. तलवारीच्या मारामारीला वस्ताद असतो, नाचाला नृत्य बसवणारा असतो. थोबाडीत मारायची तर दोन नट आणि 'जरा जोरात' एवढीच सूचना. ऐंशी वर्षांनंतर नाशिकच्या तालमीच्या खोलीतही तेवढीच सूचना होती. म्हणून हे प्रकरण मला जुनं वाटत नाही.

चेहऱ्याचं काय होतं तेही मुलांना कळायला हवं होतं. चेहरा हलवणारी नस कानाच्या पाळीखालून बाहेर येते आणि हाताची पाच बोटं पसरावीत तशी कपाळ, पापणी, गाल, ओठ आणि हनुवटीकडे जाते. ती दुखावली की त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नाही, ओठाचा कोपरा खाली ओघळतो, चूळ भरली तर पाणी बाहेर येतं. बरं होताना कधी कधी तंतू चुकीच्या जागी जोडले जातात. मग माणूस हसायला जातो आणि डोळा आपोआप बारीक होतो. ललिताबाईंच्या नसेचं नेमकं काय झालं हे सांगायला मी डॉक्टर नाही. पण हे समजल्यावर मुलांच्या लक्षात आलं, की नटाच्या बाबतीत ही जखम हातपाय मोडण्यासारखी नसते. ओघळलेला ओठ घेऊन 'प' आणि 'ब' म्हणून बघा. आमच्या शिबिरात सगळ्यांनी गालाच्या एका बाजूला बोटांनी ताण देऊन एक परिच्छेद वाचला. पाच मिनिटांत खोलीत शांतता पसरली.

आता 'तीन वर्षं'. ऐकणाऱ्याला वाटतं, ती तीन वर्षं घरी बसली, हताश झाली आणि मग कुणीतरी सासूचं काम दिलं. पण तारखा मांडून पाहा. अपघात १९४२ चा. प्रभातचा 'रामशास्त्री' आला १९४४ साली आणि त्यात आनंदीबाई आहे ललिता पवार. चित्रपट उभा राहायला लागणारा वेळ धरला, तर उपचार चालू असतानाच ती कॅमेऱ्यासमोर उभी होती. त्या वेळी ती अठ्ठावीस वर्षांची होती. डोळा आपला पूर्वीसारखा होणार नाही हे कळलेलं, आणि प्रभातच्या कॅमेऱ्यासमोर पेशवाईतली सर्वात बदनाम बाई करायची. या एका निर्णयावर मी मुलांशी दोन तास बोलले. आणखीही बोलले असते.

याला कारण आमची जागा. माझी शिकवणी गंगापूर रोडवर आनंदवलीत आहे. नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आनंदवली हे नावच आनंदीबाईवरून पडलेलं. राघोबादादांचा वाडा इथे गोदावरीकाठी होता. नवसाला पावलेला नवश्या गणपतीही त्या दोघांशी जोडलेला. राघोबादादा गेल्यावर आनंदीबाईचे अखेरचे दिवस इथेच गेले. आणि तिच्याबद्दल महाराष्ट्रातल्या पोराटोरांना काय ठाऊक आहे? 'ध'चा 'मा'. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईने खाडाखोड करून 'मारावे' केला, ही कथा. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं हा इतिहास आहे. त्या एका अक्षराची गोष्ट मात्र दंतकथेच्या अंगाने वाढलेली आहे. पुतण्याच्या खुनाचा ठपका काकावर असताना लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते काकूचं.

ज्या बाईचा चेहरा दुसऱ्याच्या हाताने बिघडला, तिने ही काकू केली, हे मला विलक्षण वाटतं. कारण या दोघींचं पुढे एकच झालं. केलं कुणी आणि नाव कुणाचं!

मुलांपैकी एकाने इथे एक गोष्ट काढली, जी मला सुचली नव्हती. तो पंचवटीतला. तो म्हणाला, "ताई, आपल्या गावाचं नावच नाकावरून आहे." लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथे, म्हणून नासिक, अशी आपल्याकडची धारणा. आणि तेव्हापासून चेहरा बिघडलेली बाई म्हणजे दुष्ट बाई हे समीकरण आपण इतकं गिळून बसलो आहोत, की त्याची चवही लागत नाही. सिनेमाच्या धंद्याने १९४२ नंतर ललिता पवारांच्या बाबतीत नेमकं तेच केलं. डोळा बारीक झाला म्हणजे बाई कारस्थानी झाली. डोळ्याचा आणि स्वभावाचा काय संबंध? पण नायिकेचा चेहरा दोन्हीकडून सारखा हवा, हा नियम धंद्याने केला आणि प्रेक्षकांनी तिकीट काढून तो मान्य केला. 'थपडेमुळे ती खलनायिका झाली' हे वाक्य म्हणून मला अपुरं वाटतं. थपडेमुळे तिचा डोळा बारीक झाला. खलनायिका तिला केलं त्या डोळ्याकडे बघणाऱ्यांनी.

मग तिने काय केलं? हा या प्रकरणाचा गाभा आहे.

मी मुलांना तिचे दोन-तीन फोटो दिले आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्याने चेहऱ्याची डावी बाजू झाका, मग उजवी. उजव्या बाजूला एक साधी, जरा थकलेली मराठी बाई दिसते. डाव्या बाजूला तीच बाई काहीतरी मोजते आहे, तोलते आहे असं वाटतं. दोन्ही एकाच क्षणी, एकाच चेहऱ्यावर. बहुतेक नटांना एक भाव दाखवून दुसरा लपवायला वर्षानुवर्षं कसरत करावी लागते. तिच्याकडे ते इजेतून आलं होतं, आणि ते कधी वापरायचं, कधी नाही, हे तिने शिकून घेतलं. या शेवटच्या भागावर माझा सगळा भर आहे. डोळा आपोआप अभिनय करत नाही. तसं असतं तर तिच्या सगळ्या भूमिका सारख्याच दिसल्या असत्या.

पाहा ना. शांतारामबापूंच्या 'दहेज'मधली १९५० ची सासू अशी की बायका चित्रपटगृहात शिव्या घालत. १९५५ हे एकच वर्ष घ्या. गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये ती सीतादेवी आहे, पैशाने आणि मतांनी ताठ, भाचीच्या आयुष्यावर ताबा ठेवणारी. त्याच वर्षी 'श्री ४२०'मध्ये ती फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई आहे. डोळा तोच, पण एकीकडे तो हिशोब करतो आणि दुसरीकडे मिस्कीलपणे बारीक होतो, जणू माया लपवायलाच मिटतोय. पुन्हा १९५९. 'सुजाता'मध्ये शिवाशिव पाळणारी गिरिबाला, आणि 'अनाडी'मध्ये मिसेस डिसा. ही ख्रिश्चन घरमालकीण तोंडाने फटकळ आणि आतून भाडेकरू पोराची आई झालेली. भेसळीच्या औषधाने ती मरते तेव्हा चित्रपटाचा सगळा तोलच बदलतो. या कामाला तिला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. १९६२ च्या 'प्रोफेसर'मध्ये तर कडक सीतादेवी म्हाताऱ्याच्या वेषातल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडते आणि लाजते. तिचं ते लाजणं मी शिबिरात आवाज बंद करून दाखवते. हसू येतं आणि त्याच वेळी पोटात कालवतं, कारण धंद्याने जी गोष्ट तिच्याकडून सव्विसाव्या वर्षी काढून घेतली होती, ती तिने सेहेचाळिसाव्या वर्षी विनोदाच्या आडून पुन्हा करून दाखवली.

वयाचाही हिशोब मुलांनी केला. राज कपूर तिच्याहून आठच वर्षांनी लहान. 'श्री ४२०' करताना ती एकोणचाळिशीची, तो एकतिशीचा. त्याच्या बरोबरीचे नायक चाळिशी-पन्नाशीतही झाडांभोवती फिरले. ती तिशीच्या आतच आनंदीबाई झाली आणि चाळिशीच्या आत सगळ्यांची माई.

घरातली एक आठवण सांगून पुढे जाते. रविवारी सकाळी 'रामायण' लागे, १९८७-८८ ची गोष्ट. आमची आजी आंघोळ करून टीव्हीला हळदकुंकू वाहायची. राम-सीता दिसले की हात जोडायची आणि मंथरा दिसली की बोटं मोडायची. नाशिकच्या बायकांना मंथरेचा राग जरा जास्तच, कारण तिच्यापायी राम वनवासात निघाला आणि आमच्या पंचवटीत येऊन राहिला. सीतागुंफेशी, काळारामाशी आजीचं रोजचं नातं होतं. आजी मूळची येवल्याची. ती मंथरा आपल्याच गावची लेक आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला स्वतःला ते कळलं ते आजी गेल्यावर. तेव्हा एकाहत्तर वर्षांची ती बाई कुबड काढून, काठी टेकत, त्याच डोळ्याने कैकेयीकडे बघत होती आणि देशभरातल्या घरांत बोटं मोडली जात होती. नटीला यापेक्षा मोठी दाद काय मिळणार, असं लोक म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. दाद होतीच. पण कुणीतरी आजीला एकदा सांगायला हवं होतं, की ही आपली अंबा आहे. आजीने नक्की विचारलं असतं, "तिचा डोळा असा कशानं झाला गं?"

ललिता पवार २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात औंधला गेल्या. वय एक्क्याऐंशी. सातशेच्या आसपास चित्रपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. पहिल्या चौदा वर्षांतलं, म्हणजे दोन्ही डोळे सारखे असतानाचं बहुतेक काम मात्र आज बघायचं म्हटलं तरी हाताशी येत नाही. त्या काळातली नायट्रेट फिल्म जळून, कुजून, चांदीसाठी वितळवून गेली. आपल्याकडच्या बहुतेक मूकपटांचं तेच झालं. त्यामुळे तिचा सगळा लौकिक उरला तो जखमेनंतरचा. ही दुसरी थप्पड आहे असं मी मुलांना म्हटलं. काहींना ते जास्त वाटलं. मी शब्द मागे घेतला नाही.

आता आमच्या तालमीकडे येते. हे सगळं तिथूनच निघालं होतं.

आम्ही थप्पड पुन्हा बसवली, या वेळी रीतीने. आधी दोघांची नजरानजर, आणि जिला बसायची तिने पापणीने होकार दिल्याशिवाय हात उठणार नाही. हात गालावरून न जाता नाकासमोरून, वीतभर अंतर ठेवून जाणार. प्रेक्षकांकडे मारणाऱ्याची पाठ, म्हणजे मधली फट दिसत नाही. मान फिरवायची ती तिने, तिच्या मोजणीवर. म्हणजे प्रसंगात मार खाणारी दिसते, पण लगाम तिच्या हातात असतो. आवाज तिसऱ्याने द्यायचा, विंगेत टाळी वाजवून किंवा गर्दीतल्या नटाने मांडीवर हात मारून. आणि कान, जबडा, डोळा यांच्या आसपास खरा हात कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून जाणार नाही. ही रीत मी शोधलेली नाही, रंगभूमीवरची जाणती माणसं असंच करतात. फक्त ती लिहून तालमीच्या खोलीच्या भिंतीवर लावलेली नव्हती. आता लावली आहे.

दिग्दर्शक सुरुवातीला नाराज होते. "यात सच्चेपणा कुठे राहिला?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं आणि प्रसंग करून दाखवला. टाळी वाजली, मुलीची मान फिरली, केस चेहऱ्यावर आले आणि ती तशीच, क्षणभर, न हलता उभी राहिली. दिग्दर्शक ताडकन उभे राहिले आणि धावत पुढे आले, तिला लागलं का ते बघायला.

मुलीने केस मागे सारले. "नाही लागलं, सर," ती म्हणाली.

स्पर्धेचा प्रयोग कालिदास कलामंदिरात झाला. तिच्या कामाबद्दल परीक्षकांना काय वाटलं हे महत्त्वाचं आहेच, पण तो निकाल इथे सांगत नाही. प्रयोगानंतर ती मेकअप उतरवत होती तेव्हा तिने मला विचारलं, पुढच्या वर्षी आनंदीबाई करता येईल का? मी म्हटलं, खलनायिका म्हणून शिक्का बसेल, चालेल का? तिने आरशात बघून एक डोळा बारीक केला, मग दुसरा, आणि पुन्हा दोन्ही उघडले. म्हणाली, "आधी आनंदवलीचा वाडा कुठे होता ते दाखवा ना, ताई. तिथून सुरू करू."

रविवारी सकाळी आम्ही दोघी नदीकाठी जाऊन आलो.